'बाकी काही नाही' : जनरल द गॉल यांची माती

नमस्कार मंडळी. मोठ्या माणसाच्या आयुष्यावर बोलायला सगळ्यांनाच आवडतं, मी आज एका मोठ्या माणसाच्या फक्त मरणाबद्दल आणि मातीबद्दल बोलणार आहे. माणूस म्हणजे फ्रान्सचे चार्ल्स द गॉल. आयुष्य आधी भराभर उरकून घेतो, कारण ते माहीत नसेल तर या मरणात बघण्यासारखं काय आहे तेच कळणार नाही.

जन्म १८९० चा, लील शहरातला. घर कट्टर कॅथलिक, शिक्षण मिलिटरीचं, उंची जवळजवळ साडेसहा फूट, म्हणजे कुठलाही ग्रुप फोटो बघा, बाकीचे खांद्याशी. जून १९४० मध्ये फ्रान्सनं हिटलरपुढे हात टेकले तेव्हा हे नुकतेच ब्रिगेडियर जनरल झालेले, तेही तात्पुरते. लंडनला निघून गेले आणि १८ जूनला बीबीसीवरून सांगितलं की एका लढाईनं युद्धाचा निकाल लागत नाही. पाठीशी ना सैन्य, ना सरकार, ना पैसा. (आपली पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांकडे होती, ती त्याच वर्षी सप्टेंबरात यांच्या बाजूनं उभी राहिली, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.) पुढे १९४४ ला पॅरिस सुटलं, यांनी सरकार चालवलं, पक्षवाल्यांशी पटेना म्हणून १९४६ च्या जानेवारीत राजीनामा दिला, मग बारा वर्षं सत्तेबाहेर, १९५८ ला अल्जीरियावरून देश यादवीच्या तोंडाशी आला तेव्हा परत बोलावणं, नवी राज्यघटना, १९६२ ला अल्जीरियाला स्वातंत्र्य आणि त्यापायी यांच्यावर झालेला गोळीबार. शेवटी एप्रिल १९६९ मध्ये एक सार्वमत हरले, तर त्याच रात्री दोन वाक्यांचं पत्रक काढलं: राष्ट्राध्यक्षपदाचं काम मी थांबवतो आहे, हा निर्णय आज दुपारी बारा वाजता अमलात येईल. झालं. ना आभार, ना तक्रार, ना 'जनतेचा कौल शिरसावंद्य'.

आता हे लक्षात ठेवा की हा माणूस साधा नव्हता. अहंकार भरपूर. स्वतःबद्दल लिहिताना 'द गॉल' असं तिसऱ्याच कुणाबद्दल लिहावं तसं लिहायचे. फ्रान्स म्हणजे भव्यता, भव्यता नसेल तर तो फ्रान्सच नाही, असं मानणारा माणूस. अशा माणसाची माती कशी व्हायला हवी होती? नेपोलियनसारखी. पॅरिसमध्ये नेपोलियनचं थडगं आहे ना, त्या सोनेरी घुमटाखाली, तसलं काहीतरी. झालं मात्र भलतंच, आणि ते आपोआप झालं नाही, करवून घेतलं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

तर ९ नोव्हेंबर १९७०, सोमवार. ठिकाण कोलोंबे नावाचं गाव, पूर्व फ्रान्समधलं, काहीशे वस्तीचं, आजूबाजूला शेती आणि जंगल. गावाच्या कडेला 'ला ब्वासरी' नावाचं घर, १९३४ मध्ये घेतलेलं. घराला बाजूनं एक षट्कोनी मनोरा, त्यात लिहायची खोली, तिथून लांबपर्यंत नुसतं रान दिसतं. त्या दिवशी सगळं रोजच्यासारखं. आठवणींच्या दुसऱ्या खंडाचं लिखाण चालू होतं, पहिला महिन्याभरापूर्वीच बाजारात आला होता. दुपारी शेजारचा एक शेतकरी जमिनीच्या कामासाठी भेटून गेला. नोव्हेंबरातला दिवस, अंधार लवकर पडतो. संध्याकाळी खिडक्यांची दारं लावून घेतली, पत्त्यांच्या छोट्या टेबलाशी बसले आणि एकट्यानं खेळायचा डाव मांडला, ज्याला आपण पेशन्स म्हणतो. टीव्हीवरच्या बातम्या लागायच्या होत्या. बायको जवळच स्वतःच्या कामात. आणि अचानक पाठीकडे हात गेला, "इथे दुखतंय, पाठीत," एवढंच बोलले आणि खुर्चीतच कलंडले. पोटातली महाधमनी फुटली होती. घरातल्या बायका आणि ड्रायव्हर धावले, खाली गादी टाकून त्यांना झोपवलं, जवळच्या बार-स्यूर-ओब गावचे डॉक्टर आले, गावचे पाद्री आले, डॉक्टरांनी वेदना कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, पाद्र्यांनी शेवटचा संस्कार केला. आठ वाजायच्या आत सगळं आटोपलं. ऐंशी पूर्ण व्हायला तेरा दिवस कमी.

हॉस्पिटल नाही, नळ्या नाहीत, बाहेर पत्रकारांचा घोळका नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं देवाकडे जे मागतात ना, 'हातपाय चालते असताना ने रे बाबा', ते या माणसाला मिळालं. लांबलेल्या म्हातारपणाची त्यांना धास्तीही होती. म्हातारपण म्हणजे जहाज बुडणं, असं त्यांनी आठवणींमध्ये लिहून ठेवलंय, आणि ते लिहिलंय मार्शल पेतँबद्दल. पेतँ म्हणजे त्यांचे पहिले वरिष्ठ, पहिल्या महायुद्धातले हिरो, जे चौऱ्याऐंशीव्या वर्षी हिटलरशी हातमिळवणी करून बसले. युद्धानंतर त्यांना मरणाची शिक्षा सुनावली गेली, द गॉल यांनीच ती जन्मठेपेवर आणली, आणि पेतँ जुलै १९५१ मध्ये एका बेटावर कैदी म्हणून पंच्याण्णवाव्या वर्षी गेले, शेवटी शेवटी भानही नव्हतं. ही तारीख लक्षात असू द्या, आत्ता लागणार आहे.

पुढची गंमत बघा. फ्रान्सचा सगळ्यात मोठा माणूस सोमवारी संध्याकाळी गेला आणि मंगळवार सकाळपर्यंत फ्रान्सला पत्ता नाही. इव्होनबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं (फ्रेंच लोक त्यांना इव्होनमावशी म्हणायचे, थोडं प्रेमानं आणि थोडं चिडवायला), रात्रभर बातमी घरातच ठेवली. आधी मुलांना कळवायचं, मग बाकीच्यांना. मुलगा नौदलात, तो ब्रेस्टला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. जनरलना गणवेश घातला, वर तिरंगा, त्यांचा तो निळा-पांढरा-लाल, हातात जपमाळ. आपल्याकडे आता माणूस आयसीयूत असतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर भावपूर्ण श्रद्धांजली फिरायला लागते, आणि इथे ही बाई एवढ्या मोठ्या माणसाचं मरण एका रात्रीपुरतं फक्त घरचं ठेवते. सकाळी राष्ट्राध्यक्ष पाँपिदूंना कळलं, मग ते टीव्हीवर आले आणि म्हणाले, "जनरल द गॉल वारले. फ्रान्स विधवा झाला आहे."

आणि मग ते पत्र निघालं. तारीख आहे १६ जानेवारी १९५२. म्हणजे मरणाच्या जवळजवळ एकोणीस वर्षं आधीची. तेव्हा द गॉल सत्तेत नव्हते, पुढे राष्ट्राध्यक्ष होणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. बंद पाकिटात ते पाँपिदूंकडे दिलेलं, तेव्हा पाँपिदू त्यांचे हाताखालचे अधिकारी होते, एक प्रत मुलाकडे, एक मुलगी-जावयाकडे. मधल्या काळात सगळं बदललं, राष्ट्राध्यक्षपद मिळालं, दहा वर्षं राज्य केलं, पाकीट मात्र बदललं नाही.

१९५२ च्या जानेवारीतच का, तर त्याच महिन्यात जनरल द लात्र वारले होते. मोठे सेनापती. त्यांना सरकारी इतमामात प्रचंड निरोप दिला, मेल्यावर मार्शल पदवी दिली, मिरवणूक, तोफा, मंत्री, भाषणं. द गॉल तिथे हजर होते. आणि त्या कार्यक्रमाच्या दिवसांतच हे पत्र लिहिलं गेलं. त्याच्या सहा महिने आधी पेतँ गेलेले. आता हे माझं मत म्हणून घ्या, पण मला वाटतं की एकाचं तुरुंगातलं मरण आणि दुसऱ्याचा तो सोहळा, दोन्ही ताजं डोळ्यांपुढे असताना या माणसानं ठरवलं की आपल्या मातीचा कारभार आपणच बघायचा.

पत्र मी बऱ्याचदा वाचलंय. ते मृत्युपत्र वाटतच नाही, लष्करी हुकूम वाटतो. माझा अंत्यविधी कोलोंबेला होईल. दुसरीकडे कुठे मेलो तर मला घरी आणायचं, वाटेत कसलाही सार्वजनिक समारंभ नको. माझी कबर तीच जिथे माझी मुलगी आन आधीच आहे आणि जिथे एक दिवस माझी बायको येईल. दगडावर लिहायचं 'चार्ल्स द गॉल, १८९० ते' पुढे जे साल असेल ते. बाकी काही नाही.

थांबला का इथे? नाही. राष्ट्रीय अंत्यसंस्कार नकोत. राष्ट्राध्यक्ष नको, मंत्री नकोत, संसदेचे पदाधिकारी नकोत, कुठल्याही सरकारी संस्थेचे प्रतिनिधी नकोत. लष्कर चालेल, पण थोडकं, आणि बँड नको, बिगुल नको. भाषण कुठेही होणार नाही, चर्चमध्ये नाही आणि इतरत्रही नाही. संसदेत गौरवपर भाषण नको. राखीव खुर्च्या फक्त तिघांसाठी: घरचे लोक, मुक्तिलढ्यातले पदकप्राप्त साथीदार आणि कोलोंबेची ग्रामपंचायत. हे मला फार आवडतं, मंत्र्याला जागा नाही पण ग्रामपंचायत सदस्याला आहे! फ्रान्सच्या आणि इतर देशांतल्या बायापुरुषांना वाटलं तर त्यांनी सोबत चालावं, पण शांतपणे. आणि शेवटी कडी म्हणजे, कुठलाही किताब, बढती, पदक, देशातलं असो की परदेशातलं, मी आधीच नाकारतो, आणि कोणी दिलंच तर ते माझ्या अखेरच्या इच्छेचं उल्लंघन ठरेल.

बघा, साधेपणा म्हटलं की आपल्याला वाटतं की माणूस म्हणाला 'माझं काही मोठं करू नका' आणि झालं. असं होत नाही हो. आपल्याकडे किती जण म्हणून जातात, आणि तिसऱ्या दिवशी शोकसभा, 'कधीही भरून न निघणारी पोकळी', दहाव्याला चौकाचं नाव, वर्षाच्या आत पुतळ्याची समिती. करणारे वाईट असतात असंही नाही, त्यांना खरंच वाटत असतं, आणि काहींना फोटोत यायचं असतं, दोन्ही एकाच वेळी. द गॉल यांनी आयुष्यभर राजकारण केलेलं, त्यांना ही जात पूर्ण ठाऊक. म्हणून तर एकेक फट बुजवत गेले. बँड म्हटलं की बिगुल, बिगुल म्हटलं की भाषण, भाषण म्हटलं की पदवी.

पण सगळ्या हुकुमामध्ये एक ओळ हुकूम नाही. 'जिथे माझी मुलगी आन आधीच आहे.'

आन ही त्यांची सगळ्यात धाकटी, १ जानेवारी १९२८ ला जन्मलेली. डाउन सिंड्रोम. त्या काळात युरोपातल्या सुखवस्तू घरांतही अशी मुलं गुपचूप संस्थेत ठेवून द्यायचे, नातेवाइकांतही विषय काढायचा नाही. यांनी घरी ठेवली. बदली जिथे होईल तिथे ती सोबत, जर्मनीत, लेबनॉनमध्ये, युद्धात लंडनलाही. कोलोंबेचं घर घेतलं त्यामागे एक कारण तेच होतं की तिला मोकळं, लोकांच्या नजरेपासून लांब राहता यावं. आणि हा एवढा ताठ माणूस, जो चर्चिलपुढे वाकला नाही, रूझवेल्टला ज्याचा राग यायचा, मंत्री ज्याला टरकून असायचे, तो तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणायचा, तिच्यासमोर नाचून दाखवायचा. युद्धानंतर नवराबायकोनं अशा मुलींसाठी एक संस्था काढली, आपल्यामागे तिचं काय होईल ही काळजी होती म्हणून. आईवडिलांना असते ती काळजी, आपण जाऊ तेव्हा हिला कोण बघेल. ती वेळ आली नाही, फेब्रुवारी १९४८ मध्ये आनच न्यूमोनियानं गेली, वीस वर्षांची. दफनानंतर द गॉल बायकोला म्हणाले, "चल. आता ती इतरांसारखी झाली."

मग तो साधेपणा कुठला, मला सांगा. पँथिऑनला, म्हणजे पॅरिसमध्ये थोरामोठ्यांना पुरतात तिथे, जायचं नव्हतं, घुमटाखाली जायचं नव्हतं, त्याचं कारण विनय आहे असं मला नाही वाटत. त्यांची जागा पत्राच्या चार वर्षं आधीच ठरलेली होती. गावच्या दफनभूमीत, चर्चच्या भिंतीलगत, लेकीशेजारी. बाकीचा सगळा हुकूम त्या एका जागेच्या बंदोबस्तासाठी आहे.

गुरुवार, १२ नोव्हेंबर. शवपेटी गावच्या सुतारानं केलेली, ओक लाकडाची, गावात कोणीही गेलं तर तो जशी करायचा तशी. घरापासून चर्चपर्यंत ती एका चिलखती गाडीवर नेली, तिचा तोफेचा बुरूज काढून टाकलेला. द गॉल मुळात रणगाड्यांचे माणूस, तीसच्या दशकात रणगाड्यांचं महत्त्व ओरडून सांगत होते तेव्हा वरिष्ठांनी ऐकलं नव्हतं, तेवढी एक लष्करी खूण राहिली. चर्चमध्ये पेटी खांद्यावर घेतली ती गावातल्या तरुण पोरांनी. आत घरचे, मुक्तिलढ्यातले साथीदार आणि गावकरी. बाहेर चाळीस हजारांच्या वर माणूस होता असं म्हणतात, आणि गाव काहीशे वस्तीचं! गाड्या लांब लावून लोक चालत आले, शेताच्या बांधाबांधानं उभे राहिले.

लेखक आंद्रे मालरो, जे त्यांचे मंत्रीही होते, त्यांनी त्या दिवशीचा एक प्रसंग सांगून ठेवलाय. काळी शाल घेतलेली एक खेडवळ म्हातारी पुढे जायला बघत होती आणि बंदोबस्तावरचा नौसैनिक बंदूक आडवी धरून तिला अडवत होता. ती ओरडायला लागली, "सगळ्यांनी यायचं म्हणालेत ते! सगळ्यांनी!" मालरोंनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, जाऊ दे तिला, जनरलना आवडलं असतं. त्यानं एक शब्द न बोलता वळून वाट दिली. मला यात म्हातारीचं कौतुक वाटतं. पत्र दोन दिवसांपूर्वी पेपरात आलेलं, हिनं नीट वाचलं होतं, किंवा कुणीतरी वाचून दाखवलं होतं, आणि त्यातलं स्वतःचं कलम तिला पाठ होतं.

आता सरकारचं ऐका. पत्र म्हणतं राष्ट्राध्यक्ष नको, तर पाँपिदू दफनाला गेले नाहीत, आदल्या दिवशी खाजगीत घरी जाऊन आले. शेवटच्या काळात दोघांचं फारसं बरं नव्हतं, तरी त्यांनी शब्द पाळला, हे त्यांच्या खात्यावर जमा धरलं पाहिजे. पण जग यायला निघालं होतं त्याचं काय? मग तोडगा काढला. त्याच दिवशी सकाळी पॅरिसला नोत्र-दाममध्ये मोठी प्रार्थना ठेवली. अमेरिकेचे निक्सन, रशियाचे पोदगोर्नी, इंग्लंडचे प्रिन्स चार्ल्स, इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी, इस्राएलचे म्हातारे बेन गुरियन, ऐंशीच्या आसपास देशांचे प्रमुख किंवा प्रतिनिधी. सगळे काळ्या कपड्यांत ओळीनं बसलेले आणि समोर शवपेटीच नाही. ज्याच्यासाठी आलो तो तिथे नाही, तो दोनशे किलोमीटरवर, आणि तिथे आपल्याला बोलावणं नाही! प्रोटोकॉलवाल्यांनी इतिहासात असा कार्यक्रम क्वचितच केला असेल. पण पत्राच्या अक्षराला धक्का नाही, कारण पत्रात फक्त मातीबद्दल लिहिलं होतं.

संध्याकाळी पॅरिसकर स्वतःहून पावसात शाँझेलिझेवरून विजयकमानीपर्यंत चालत गेले, लाखोंनी. आणि दुसरीकडे एका टवाळ साप्ताहिकानं मथळा दिला, 'कोलोंबेत नाचाच्या कार्यक्रमात दुर्घटना, १ ठार'. त्याचं असं होतं की महिन्याच्या सुरुवातीलाच एका डान्स हॉलला आग लागून १४६ पोरंपोरी गेली होती, पेपर त्यानं भरलेले, त्यावर ही मखलाशी. सरकारनं साप्ताहिकावर बंदी घातली, तर त्याच मंडळींनी आठवड्याभरात नाव बदलून नवं काढलं, तेच शार्ली एब्दो. म्हणजे ज्या नावावर पुढे २०१५ मध्ये दहशतवादी हल्ल्यात एवढं रक्त सांडलं त्या पेपरचा जन्म या मातीतून झाला. विषय वेगळा आहे, जातो पुढे.

कोणीतरी मघाशी चिठ्ठी पाठवलीय, 'हा साधेपणाचा देखावा नव्हता का?' चांगला प्रश्न आहे. होता थोडा, मी नाही म्हणणार नाही. एवढा नकार लिहून ठेवणं हाही एक तोरा आहे, आणि 'ना मंत्री ना बँड' याची बातमी बँडपेक्षा मोठी होते हे त्यांना कळत नव्हतं असं समजू नका. पण देखावा करणारा माणूस पैशांतही तसा वागत नाही. राष्ट्राध्यक्षाचं आणि जनरलचं पेन्शन त्यांनी घेतलं नाही, कर्नलच्या पेन्शनवर राहिले असं सांगतात, आणि राष्ट्राध्यक्ष असताना राजवाड्यातल्या स्वतःच्या खोल्यांचं वीजबिल खिशातून भरायचे. तोरा होता, पण त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं नाही.

इव्होनबाई तर त्यांच्याही पुढे गेल्या. नवरा गेल्यावर त्यांचे कपडे, अंथरूण, रोजच्या वापरातल्या वस्तू जाळून टाकल्या. उद्या कोणी टोपी लिलावात मांडायला नको, कोणी कोटाची पूजा करायला नको. म्युझियमवाल्यांना आजही वाईट वाटत असेल. १९७९ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या, नवऱ्याच्या पुण्यतिथीच्या बरोब्बर एक दिवस आधी, आणि त्याच कबरीत तिघं झाली.

आणि गावाबाहेरच्या टेकडीवर काय झालं? तिथे गुलाबी ग्रॅनाइटचा चव्वेचाळीस मीटर उंच लोरेनचा क्रॉस, म्हणजे त्यांच्या मुक्तिलढ्याची खूण असलेला दोन आडव्या दांड्यांचा क्रॉस, उभा आहे, १८ जून १९७२ ला पाँपिदूंच्या हस्ते उद्घाटन. द गॉल जिवंतपणीच मालरोंना चेष्टेत म्हणाले होते की त्या टेकडीवर मोठा क्रॉस उभारतील, तो सगळ्यांना दिसेल, आणि तिकडे कोणीच राहत नसल्यामुळे बघणार कोणीच नाही, सशांना तेवढी लढ्याची प्रेरणा मिळेल. विजयकमानीचा चौक तर माती होते न होते तोच त्यांच्या नावाचा झाला. पुढे १९७४ ला पॅरिसचा नवा एअरपोर्ट झाला, त्यालाही तेच नाव, मग एका विमानवाहू जहाजालाही. पदकं नकोत, बढती नको, किताब नकोत, सगळं लिहिलं होतं हो त्यांनी. एअरपोर्टचं सुचलं नाही.